डावा तळहात

"हात वर धरा की. पाणी सांडून राहिलं," नीलम्मा म्हणाली.

मन्मथअप्पांनी आपला तळहात जरा उचलला. त्यावर बायकोचा डावा हात होता आणि तिच्या हातावर तिच्या गळ्यातलं लिंग. अर्धांगवायू झाल्यापासून तो हात लुळा पडला होता. रोज डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, त्याआधी तोंडात काही घालायचं नाही, हा लिंगायत घरात वाढलेल्या तिचा लहानपणापासूनचा नेम. दवाखान्यातून घरी आल्यावर दोन दिवस ती उपाशी राहिली, गोळ्याही घेईना. तिसऱ्या सकाळी अप्पा अंघोळ करून तिच्याजवळ बसले आणि तिचा हात आपल्या हातावर घेतला. तेव्हापासून हे रोजचंच झालं.

त्यांचा स्वतःचा गळा मात्र वीस वर्षांपासून मोकळा होता.

पूर्वी अहमदपूरच्या याच खोलीत दोघं शेजारी पूजेला बसायची. ओल्या भस्माचा आणि बेलाचा वास भरून राहायचा. नीलम्माचं आधी आटोपायचं, पण अप्पांचं होईपर्यंत ती डोळे मिटून तशीच बसायची.

मग एका उन्हाळ्यात गिऱ्हाइकाच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त करताना अप्पांच्या गळ्यातला दोरा तुटला आणि लिंग पाण्यात गेलं. लिंग गेलं म्हणजे प्राण गेला, सापडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असं ते ऐकत आले होते. त्यांनी बुड्या मारल्या, गाळ उपसला. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. चौथ्या दिवशी शेतमालकिणीने पुढे केलेली भाकरी त्यांनी खाल्ली आणि आता काय होतंय ते बघत विहिरीच्या काठावर बसून राहिले. काहीच झालं नाही. भाकरी गोड लागली. संध्याकाळी मोटार सुरू झाली, पाटाला पाणी लागलं. मनातून जे गेलं ते मात्र परत आलं नाही.

नीलम्माने स्वामींकडून नवं लिंग आणलं. अप्पांनी बांधलं नाही. ती भांडली, महिनाभर बोलली नाही, शेवटी तिने ते डब्यात ठेवून दिलं. पुढे कित्येक सकाळी तिची पूजा चालू असताना अप्पा उगाच दारात घुटमळायचे. देव आठवायचा नाही, ते शेजारी बसणं आठवायचं.

"मी गेल्यावर ह्याच हातात लिंग ठेवतील," आता तळहातावरच्या लिंगाकडे बघत नीलम्मा म्हणाली. "तुमच्या हातात काय ठेवणार?"

"मोटारीचा पाना ठेवा म्हणावं. सोळाचा."

तिचा अर्धाच चेहरा हसला. "मी काय मस्करी करून राहिले का? डब्यातलं हाय अजून. एकदा बांधा. माझ्यासाठी."

अप्पांनी तिच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे पाहिलं. दोरा बांधायला कितीसा वेळ लागतो?

"तुझ्यापुढं खोटं बांधून बसू का, नीला?"

तिने बेलाचं पान सरळ केलं. "न्हाई," ती म्हणाली. "मग हात तरी सोडू नका."

पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. रीतीप्रमाणे तिला शेतातल्या खड्ड्यात बसवलं. स्वामींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, तर हात कलला. पुन्हा ठेवलं, पुन्हा कलला. गळ्यात लिंग असलेला पुतण्या पुढे येऊ लागला. त्याच्या आधी अप्पा, गुडघ्यावर हात टेकत, खड्ड्यात उतरले आणि त्यांनी आपला तळहात तिच्या हाताखाली धरला. स्वामींनी त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवला.

भस्म पडलं, मीठ पडलं, मग माती. ती कोपरापर्यंत आली तेव्हा पुतण्या हलकेच म्हणाला, "अप्पा, या आता वर."

अप्पांनी आपला हात सावकाश काढून घेतला. तिचा हात तसाच राहिला, मातीने खालून धरलेला.