नोटेला फुटलेले मुनवे

बाळांनो, क्षणभर माझ्याबरोबर वसईजवळच्या गोखिवऱ्याला चला. आजच्या नव्हे, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या. डोंगराच्या पायथ्याशी एक कुडाचं खोपटं आहे, समोर केळींची रांग आहे, आणि आगाशीपासून कामणपर्यंतची माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी आहेत, असं समजा. कुणाच्या कनवटीला पैसे, कुणाच्या पदराच्या गाठीत. प्रत्येक केळीच्या बुंध्याशी एक मातीची हंडी पुरलेली. आता भगवी कफनी घातलेला एक गुबगुबीत माणूस पुढे येतो, हंडी उकरतो, तिच्या तोंडाचं फडकं सोडतो आणि पंधरवड्यापूर्वी ठेवलेल्या एका नोटेच्या दोन नोटा काढून दाखवतो. ऐकलात गलका?

हा मुनवेबाबा. मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी जमिनीतून फुटणारी पिल्लं. एक केळ लावली की तिच्या मुनव्यांनी हळूहळू वाडी भरते, हे वसईच्या बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. लबाडाने नेमकं तेच हेरलं होतं.

“केळीला मुनवे कोण देतो?” बाबा ओरडून विचारी.

“देव!”

“मग तो नोटेला का देणार नाही? केळ देवाची आणि नोट काय सैतानाची?”

लोक माना डोलवत. घड विकताना व्यापाऱ्याच्या काट्यावर डोळे वटारून बसणारी ही माणसं इथे मुकाट नोटा काढून देत. फादरांनी रविवारी चर्चमध्ये कान उपटले, पुजाऱ्यानेही चार शब्द सुनावले. पण चर्चवाले आणि देवळावाले एकाच रांगेत, आणि रांग रोज लांबत चाललेली.

त्या रांगेत भुईगावची नर्मदा उभी होती आणि तिचा हात धरून अकरा वर्षांची मालन. नर्मदा पिकली केळी उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करायची आणि बाजारात विकायची. विहिरीच्या रहाटाचा बैल म्हातारा झाला होता. पंप आला नाही तर उन्हाळ्यात वाडी करपणार, म्हणून ती वर्षानुवर्षं पोस्टात थोडं थोडं टाकत आली होती. पंपाला थोडेच पैसे कमी होते. पंधरवड्यापूर्वी तिने इथे पन्नासाची एक नोट पुरून पाहिली होती. आज पोस्टातलं सगळं काढून तिने कमरेला बांधून आणलं होतं.

“आई, ह्याला केळ लावता येत नाही,” मालन म्हणाली.

“गप गो!”

“बघ ना. पानं पिवळी पडलीत. बुंध्याला खत नाही, पाणी नाही. आपल्याकडे अशी केळ कुणी ठेवली तर लोक हसतील.”

“तू बाबाला बागायत शिकव आता,” शेजारचा फर्डिनंड मागून म्हणाला. आज त्याचीही हंडी उघडायची होती, म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. “नर्मदावहिनी, पोरीला पंप नको दिसतो. बैलाच्या जागी हिलाच जुंपा.”

माणसं खो खो हसली. नर्मदेने मालनच्या हाताला चिमटा काढला.

फर्डिनंडची हंडी उघडली. पन्नासाच्या दोन नोटा निघाल्या. त्याने त्या उंच धरल्या आणि मालन ओरडली, “काका, ही आमची नोट!”

त्यातल्या एका नोटेच्या पांढऱ्या भागावर अंगठ्याचा काळपट डाग होता, आणि त्यात एक तिरकी कोरी रेघ. पंधरवड्यापूर्वी मालन सकाळी घड कापून थेट एसटीत बसली होती. आईने नोट धरायला दिली तेव्हा अंगठ्याला केळीचा चीक होता. तो डाग काही केल्या जात नाही, तुम्ही धुऊन पाहा. मालनच्या अंगठ्यावर कोयत्याची जुनी खूण होती. तिने अंगठा डागाशेजारी धरला. रेघेशी रेघ जुळली.

बाबा गडबडला नाही. त्याचा तो धंदाच होता. “मुली, जमिनीखाली मुळं मुळांना भेटतात. तुमची नोट फर्डिनंडच्या घरी पाहुणी गेली!”

“मग आमच्या हंडीत कोण आहे?”

“नंबर यायच्या आधी उकरलं तर मुनवा मरतो!”

“पोरीला बाजूला घ्या रं, आमचा नंबर जानार!” मिठागरावरचा एक जण खेकसला. कुणी तिला मागे ढकललं. नर्मदा मात्र त्या डागाकडे पाहत राहिली होती. त्या डागासाठी तिने मालनला एसटीतच रागे भरलं होतं. ती पुढे गेली आणि तिने स्वतःच्या हातांनी हंडी उकरून दगडावर आपटली.

आत वाळक्या केळीच्या पानाचा चोळामोळा. बस्स.

“पुरायच्या आधी मंत्र घालायला हंडी खोपटात नेली होती ना,” मालन म्हणाली, “तेव्हाच काढली.”

मग काय, जो तो आपली हंडी फोडू लागला. सगळीकडे वाळकी पानं. बाबा मागच्या बाजूने पळत होता, त्याला मिठागरवाल्यानेच धरलं. खोपटातल्या पेटीत पैसे निघाले, पण सगळ्यांना पुरतील एवढे नव्हते. कसे असतील? आज आलेल्याची नोट कालच्याला द्यायची, कालचा गावभर सांगणार, उद्या आणखी दहा जण येणार, आणि रांग आटायच्या आत उरलेलं घेऊन पसार व्हायचं. एवढीच त्या हरामखोराची विद्या.

बाळांनो, मुनवा फुकट फुटत नाही. तो माती खातो, पाणी पितो, वेळ घेतो. पैसाही वाढतो, पण कुणीतरी तो कामाला लावतो तेव्हा, आणि हळू. दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा: माझा पैसा तिथे काय काम करणार? उत्तरात देव आला, मंत्र आला किंवा घाई आली, की कनवटीची गाठ आणखी घट्ट करा.

त्या गोंधळात मालन फर्डिनंडपुढे हात पसरून उभी राहिली. “काका, आमची नोट.”

“मला त्याने दिली ती,” फर्डिनंड पुटपुटला.

मालनने हात मागे घेतला नाही. शेवटी इस्त्रीच्या शर्टाचा तो माणूस मान खाली घालून नोट तिच्या तळहातावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी पोस्टात गेल्या. नर्मदेने सगळे पैसे पुन्हा भरायला काढले. मालनने खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकली आणि डागाची नोट मुठीत धरून ठेवली.

“दे पोरी, मागे रांग आहे,” मास्तर म्हणाले.

“आधी सांगा,” मालन म्हणाली, “आमचा पैसा इथून कुठे कामाला जातो?”

मास्तरांनी चष्मा वर केला. मागून कुणीतरी वैतागून “च्यक्” केलं. मालन मूठ मिटून तशीच उभी राहिली. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली आणि सरकार तो पैसा कर्जाऊ घेतं, त्यातून काय बांधतं, व्याज कुठून देतं, हे सारं तिला नीट समजावलं. त्यानंतरच तिने मूठ उघडली.