चव तीच आहे

“जायफळ जास्त पडलंय,” चमचा चाटत लंबू म्हणाला.

“फार?”

“फार नाही. पण औषध घेतल्यासारखं वाटतंय. थोडं दूध वाढवा.”

मास्तरांनी पुडिंगच्या पातेल्यात दूध ओतले, ढवळले आणि दुसरा चमचा पुढे केला. लंबूने डोळे मिटून घोट घेतला. “हां. आता बरोबर. आता मासा दाखवा.”

मास्तरांनी माशाची परात उचलून त्याच्या नाकाखाली धरली. लंबूने हुंगले आणि मान डोलावली. रश्श्याच्या पातेल्यापाशी मात्र तो थबकला. “खाली लागायला आलाय, गॅस बारीक करा.” मास्तरांनी झडप घालून बटण फिरवले. पातेल्यासमोर उभे राहूनही त्यांना ते कळले नव्हते.

हे रोजचेच होते. लंबू हा त्या हॉटेलातला सगळ्यात जुना वेटर. दारातून आत येताना त्याला वाकावे लागे, त्यामुळे त्याचे खरे नाव कधीच मागे पडले होते. मास्तर तिथले आचारी. गिऱ्हाईक यायच्या आधी दोघे मुदपाकखान्याचे दार ओढून घेत. म्हातारे आत बसून चकाट्या पिटतात, असेच बाकीच्यांना वाटे. खरी गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. काही वर्षांपूर्वी मोरीजवळ पाय घसरून मास्तर पडले होते आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला होता. आठवडाभराने ते कामावर आले, कांदा कापायला घेतला, डोळ्यांतून पाणी आले. पण वास म्हणून आला नाही. फोडणीचा नाही, कॉफीचा नाही, जळक्याचाही नाही. खारट, गोड जिभेला कळे, तेवढेच. बाकी तोंडात घातलेला घास म्हणजे नुसते मऊ नाहीतर कडक. दवाखान्यात म्हणाले, येईल परत, नाहीतर नाहीही येणार.

कामावर परतले त्याच दिवशी दुपारी लंबूने टेबलावरून परत आलेले सूप आत आणले, स्वतः चाखले आणि मास्तरांच्या तोंडाकडे पाहिले. “मास्तर, काय झालंय तुम्हाला?” मास्तर तिथेच पिंपावर बसले आणि त्यांनी सांगून टाकले. लंबूने ‘अरेरे’सुद्धा केले नाही. “उद्यापासून मी अर्धा तास लवकर येतो,” एवढेच तो म्हणाला.

असे त्यांचे चालले होते. हातांना सगळे पाठ होते, चुकलेमाकले तर लंबूची जीभ होती. हॉटेलचे नाव टिकून राहिले.

ज्या दिवशी जायफळ जास्त झाले, त्याच दिवशी मालकांनी सगळ्यांना बाहेर बोलावले. मालक गल्ल्यामागून उठून आले आणि एका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“इमारत विकली गेली,” ते म्हणाले. “घेणारा ती पाडणार आहे. मी हातापाया पडलो, वकील गाठले, नाही नाही ते सगळं केलं. महिनाअखेरपर्यंत आपण आहोत. पुढचं मला विचारू नका रे. मला माझंच कळत नाहीये.”

मास्तरांच्या मनात हॉटेल आलेच नाही. त्यांनी पाहिले ते लंबूकडे.

संध्याकाळची तयारी करताना त्यांनी विषय काढला. “आपण दोघं मिळून कुठं तरी बघू. तुला वेटर म्हणून कुणीही घेईल.”

लंबू काटे-चमचे पुसत होता. “मास्तर, माझे गुडघे संपलेत. तुम्हाला दिसत नाही, मी टेबलाला धरत धरत फिरतो ते. आणि पोरगी मागेच लागलीय. खोली रंगवून घेतलीय माझ्यासाठी. सुताराला सांगून पलंग लांब करून घेतलाय म्हणे, बाबांचे पाय बाहेर येतात म्हणून.”

“चांगलंय की.”

“चांगलंच आहे.” त्याने फडके झटकले. “आणि समजा आलो तुमच्याबरोबर. नव्या जागी दार ओढून मला आत कोण बसू देणार?”

त्याचे म्हणणे खरे होते आणि मुलीने पलंग लांब करून घेतला होता.

पुढचे दिवस हॉटेलात पाय ठेवायला जागा उरली नाही. बातमी फुटली तशी वर्षानुवर्षे न फिरकलेली माणसे नातवंडांना घेऊन येऊ लागली. खुर्च्यांचे फोटो, भिंतीवरच्या घड्याळाचे फोटो, पावाच्या टोपलीचेसुद्धा फोटो. “इतके दिवस कुठं मेले होते सगळे?” लंबू आत येऊन पुटपुटे आणि बाहेर जाऊन हसतमुखाने पाणी वाढे. पहिला घास तोंडात गेला की जो तो म्हणे, “चव तीच आहे हो! अगदी तीच!” ते आतपर्यंत ऐकू येई. मास्तर खाली मान घालून कांदा चिरत राहत.

शेवटच्या दुपारी लोकांनी आचाऱ्याला बाहेर बोलवायचा हट्टच धरला. मास्तर हात पुसत दारात आले तर सगळे टाळ्या वाजवत उभे. काय करावे ते न सुचून त्यांनी नमस्कार केला. तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे आली.

“मास्तर, ओळखलंत? मी डॉक्टरांची मुलगी. बाबा दर रविवारी आणायचे मला.”

खिडकीच्या टेबलावर पुडिंगसाठी भोकाड पसरणारी मुलगी मास्तरांना आठवली. “डॉक्टरसाहेब कसे आहेत?”

“गेले दोन वर्षांपूर्वी.” तिने त्यांचा हात हातात घेतला. “मास्तर, मी हॉटेल काढलंय. लहानसंच आहे. सगळं स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात देते, कुणी मध्ये बोलणार नाही. बाबांना जे आवडायचं तेच करायचं. याल ना?”

तिच्या खांद्यावरून मास्तरांना पलीकडे लंबू दिसला. हातात ट्रे घेऊन तो उभा होता. नजरानजर होताच त्याने तोंड वळवले.

“आता वय झालं बाई,” मास्तर म्हणाले.

“लगेच नाही म्हणू नका. मी घरी येते तुमच्या.”

आणि ती खरेच आली. मास्तरांच्या बायकोने तिला कॉफी दिली, कुठे ठेवू अन् कुठे नको असे केले. हॉटेल बंद झाल्यापासून नवरा दिवसभर खिडकीशी बसून असे. आता पुन्हा कामाला लागेल म्हणून ती हरखली होती. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले आणि हात जोडले. “नाही जमणार.”

“का पण? माझं काही चुकलं का?”

“नाही नाही. तुमचं काय चुकायचंय?”

ती उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिच्या मागे दार लागते न लागते तोच बायको म्हणाली, “शोभतं का हे तुम्हाला? इतक्या मायेनं बोलवायला आली होती ती! असला कसला ताठा म्हणते मी? घरात बसून करणार काय आहात?”

“ताठा नाही गं.”

“मग काय?”

मास्तर कॉफीच्या कपाकडे बघत राहिले. “मला वास येत नाही,” ते म्हणाले. “पडलो होतो ना मोरीजवळ, तेव्हापासून. चव पण गेली. लंबू चाखून सांगायचा, म्हणून चाललं.”

बायकोला आधी ते उमजलेच नाही. मग ती हळूच खुर्चीवर टेकली.

“म्हणजे घरी जेवताना पण?”

“हो.”

“रोज ‘छान झालंय’ म्हणता ते?”

“ते खोटं नव्हतं.”

“मग काय होतं?”

मास्तरांनी कप थोडा पुढे सरकवला.

“आपल्या धाकटीला बघायला लोक यायचे होते,” ती म्हणाली, “त्या दिवशी भाजी करपली. रडकुंडीला आले होते मी. तुम्ही दोनदा मागून घेतलीत. मला वाटलं, किती माझं मन राखतोय हा माणूस.”

“करपली होती?” मास्तरांनी विचारले.

तिला हसू आले, पण ते निम्म्यातच राहिले. “लंबूभाऊजींना सांगितलंत. मला नाही.”

“त्याच्यापुढं लपवता आलं नाही म्हणून सांगितलं. तुला सांगितलं असतं तर घरी जेवायला बसलो तरी तेच डोक्यात राहिलं असतं. तुझ्याही आणि माझ्याही. इथं तरी मला पहिल्यासारखं जेवता येत होतं.”

पुढे काही दिवस ती कामापुरतेच बोलली. ताट वाढून द्यायची आणि ते जेवेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. ‘छान झालंय’ म्हणायची आता सोय नव्हती. मास्तर गुपचूप जेवून उठत. डॉक्टरांच्या मुलीला खरे काय ते सांगून टाका, असे एकदा ती म्हणाली. “आणि सांगून?” मास्तर म्हणाले, “वास न येणारा आचारी ठेवून ती काय करील बिचारी?” तो विषय तिथेच संपला.

मुलीकडे निघालेल्या लंबूला पोचवायला मास्तर बसस्टँडवर गेले. लंबू जिना चढल्यासारखा एकेक पायरी चढत बसमध्ये शिरला. खिडकीपाशी बसताना त्याचे गुडघे पुढच्या सीटला अडत होते. “मास्तर, घरी गॅसवर काही ठेवून झोपू नका हां,” तो वरून म्हणाला. निरोपाचे म्हणून तेवढेच बोलणे झाले. बस सुटली.

त्याच आठवड्यात मालकांचा निरोप आला की मोठी पातेली घेऊन जा, नाहीतर उद्या ती भंगारात जातील. बायको म्हणाली, “मी येते. एकट्याला झेपायची नाहीत.” दोघे गेले तेव्हा हॉटेलच्या खिडक्या निघाल्या होत्या. पातेली फुटपाथवर काढून ठेवली होती. मालक समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते, त्यांनी नुसता हात वर केला. मजूर मागच्या बाजूला, मुदपाकखान्याची धुराडी असलेली भिंत फोडत होते. काळ्याकुट्ट भिंतीवर घण बसत होते. मग एक मोठा तुकडा आत कोसळला.

रस्त्यावरून जाणारी माणसे एकदम थांबली. फळवाल्याने हातातले मोसंबे तसेच धरून मान वर केली. एक म्हातारी थैली खाली ठेवून उभी राहिली. वरचा मजूर घण टेकवून ओरडला, “अरे, इथं तर जेवण शिजतंय!” आणि खालचे हसले. समोर मालकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते.

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. त्यांना ठसका लागला. नाकात नुसती धूळ गेली होती.

बायको डोळे मिटून उभी होती.

“कसला वास येतोय?” त्यांनी विचारले. “सांग ना. मसाल्याचा?”

“नाही.”

“मटणाचा?”

“तसा एक कुठला नाही.” तिने डोळे उघडले. कसे सांगावे ते तिला सुचत नव्हते. “रोज कामावरून आलात की तुमच्या शर्टाला यायचा ना,” ती म्हणाली, “तोच.”

मास्तरांनी मान हलवली. धूळ अंगावर येऊ लागली तशी माणसे पांगली, फळवाला गिऱ्हाइकाकडे वळला. ती जागची हलली नाही. तिचे मन भरेपर्यंत मास्तर हातात पातेली घेऊन तिच्या शेजारी थांबले.