टपावरचं तुंदुक

मिर्लानच्या गाडीपेक्षा गाढवावर बसून गेले असते तर बरं, असं सायराकानला कोचकोर सोडायच्या आधीच वाटायला लागलं. जावई सकाळपासून गाडीभोवती घुटमळत होता. आधी त्याने पिवळ्या फडक्याने काचा पुसल्या, मग टपावरच्या कॅरिअरचे दांडे पुसले. आणि आता सासू अंगणात तुंदुक धरून ताटकळत असताना तो बायकोला हे कॅरिअर किती किलो पेलतं ते समजावून सांगत होता.

तुंदुक म्हणजे लोकरीच्या नमद्याच्या तंबूच्या माथ्यावरचं लाकडी कडं. छताच्या सगळ्या काठ्या त्यात येऊन अडकतात, धूर त्यातूनच बाहेर जातो आणि ते नसेल तर तंबू उभाच राहत नाही. हे तुंदुक सायराकानच्या नवऱ्याने, जुमाशने, लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी वाकवलं होतं. जुमाशला जाऊन उद्या वर्ष होत होतं. वर सोंग-कोलच्या कुरणावर त्याच्या नावाचं जेवण होतं, चार खोऱ्यांतली माणसं येणार होती, आणि त्यांना बसवायचं ते याच तुंदुकाखाली, असं तिने वर्षभर मनाशी धरलं होतं. बाकीचा तंबू दोन दिवसांपूर्वी ट्रकने गेला. तुंदुक तिने दिलं नाही. ट्रकात कोणी तरी त्यावर पोतं टाकणारच, आणि तुंदुकावर काही ठेवणं म्हणजे घराच्या डोक्यावर पाय देणं. "आई, यांची गाडी आहे ना, हे जपून नेतील," गुलझिना म्हणाली होती. पोरीचा शब्द म्हणून सायराकान कबूल झाली.

"एने, हे खाली ठेवू आणि त्यावर खुर्च्यांची पेटी," मिर्लान म्हणाला; सासूला तो एने, म्हणजे आई, म्हणायचा. "वजन कसं बरोबर बसतं."

"पेटी तुझ्या डोक्यावर ठेव. तुंदुक सगळ्यात वर जाईल."

"बरं, वर तर वर."

तिने बोकडाच्या केसांची दोरी पुढे केली, तसा तो मागे सरकला. "ही नको हं. हिने रंगाला चरे पडतात. माझ्याकडे खास आहेत." त्याने डिकीतून लाल-हिरव्या रबरी दोऱ्या काढल्या, दोन्ही टोकांना आकडे असलेल्या. सायराकानने एक ओढून पाहिली. ती ताणत गेली, ताणतच गेली.

"ही तर विजारीत घालतात ती. हिने तुंदुक बांधायचं?"

"एने, जपानी आहे ती."

"जपान्यांच्या विजारीतली असेल."

गुलझिनाला हसू आलं, ते तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकात लपवलं. मिर्लानने आकडे अडकवले, तुंदुकावर एक चापट मारली आणि आता हे भूकंपातही हलायचं नाही असं जाहीर केलं.

गाडी सुरू झाली तशी डॅशबोर्डमधून एक बाई जपानीत गोड आवाजात काही तरी बोलली.

"काय म्हणते?" सायराकानने विचारलं.

"म्हणते, प्रवास सुखाचा होवो."

पेट्रोल भरून निघताना बाई पुन्हा बोलली. "पट्टे लावा म्हणते," मिर्लान म्हणाला. पुढे गुरं आडवी आली म्हणून गाडी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तेव्हा ती पुढे वळण आहे म्हणाली. सायराकानने मान डोलावली. बाई तिन्ही वेळा अक्षर न् अक्षर तेच बोलली होती. कोचकोरात असल्या उजव्या स्टीअरिंगच्या जुन्या जपानी गाड्या गल्लोगल्ली होत्या आणि प्रत्येक मालकाची बाई वेगळंच काही सांगायची. एकाची तर नमाजाची वेळही सांगायची. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं म्हणणारा पुरुष मात्र अख्ख्या गावात एक निघाला नसता.

सायराकान मागे डाव्या खिडकीशी बसली होती. ऊन उजवीकडून येत होतं, त्यामुळे गाडीची सावली तिच्याच बाजूला रस्त्याच्या कडेने पळत होती, आणि सावलीच्या डोक्यावर तुंदुकाची सावली सरळ बसलेली दिसत होती. तिला तेवढ्याने बरं वाटलं. टपावरचं तर दिसत नाही, निदान सावली दिसते. पण घाटाच्या पायथ्याशी मिर्लानने गाडी थांबवली, उतरला आणि खिडक्यांना काळे सनशेड लावत सुटला. मागची काचसुद्धा सोडली नाही.

"हे कशाला?"

"उन्हाने सीटचा रंग उडतो, एने."

"मला बाहेर बघायचंय."

"काय बघायचंय? जन्मभर हेच डोंगर बघितलेत तुम्ही."

तिने सनशेड उपटून काढला. तो थांबला, सनशेडच्या रबरी वाटीला जिभेची थुंकी लावली आणि तिच्या नाकासमोर पुन्हा चिकटवला. आपल्या नशिबी हा काचेला थुंकी लावणारा आला, या विचाराने तिचं डोकं फिरलं. जुमाश असता तर त्याने याला तंबूच्या खुंट्याही ठोकायला दिल्या नसत्या. पण जुमाश नव्हता, आणि पोरगी पुढे बसून कधी आईकडे, कधी नवऱ्याकडे बघत होती.

घाटात तिने सनशेडचा कोपरा बोटाने उचलला. सावली वाकडी पडली होती. तुंदुक एका बाजूला कलून लटकल्यासारखं दिसत होतं.

"थांब. तुंदुक सरकलंय."

"कशावरून?"

"सावली वाकडी आहे."

मिर्लान मनापासून हसला. "एने, या गाडीत सगळ्याचा सेन्सर आहे. चाकातली हवा जरा कमी झाली तरी दिवा लागतो. हे बघा. लागलाय एक तरी दिवा?"

"टपावर काय आहे ते तिला कळतं का?"

"तिला सगळं कळतं."

"मग तुझ्याविषयी काय म्हणते ती?"

त्याने गाडीतलं गाणं मोठं केलं. "आई, पोचलोच आता," गुलझिना हळूच म्हणाली, आणि सायराकान पोरीकडे बघून गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला पुढे कायम सलत राहिलं.

घाट उतरून गाडी गवतातल्या कच्च्या वाटेला लागली तेव्हा एक धक्का बसला, टपावर खरखर झाली आणि मागे काही तरी दणकन पडलं. मिर्लानने ब्रेक दाबला.

"उतर आणि बघ," सायराकान म्हणाली.

"उतरायचं कशाला? मागे कॅमेरा आहे."

त्याने रिव्हर्स टाकला. डॅशबोर्डच्या पडद्यावर घाटातल्या धुळीचा पिवळा थर सोडून काही दिसत नव्हतं. गाडी टिंटिं वाजायला लागली.

"अरे, उतरून बघ."

"गवताला पण वाजते ती."

"उतर म्हणते ना मी."

ती स्वतःच दाराशी झोंबली. दार उघडेना. मुलांनी उघडू नये म्हणून मागच्या दारांना जे कुलूप असतं, ते त्याने लावून ठेवलं होतं. गाडी हळूहळू, अगदी जपून, मागे गेली. मागचं चाक थोडं वर चढलं आणि वाळलेलं लाकूड मोडल्याचा आवाज झाला. तो आवाज काय असतो, हे कारागिराच्या बायकोला कोणी सांगायला लागत नाही.

घाबरून मिर्लानने इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. बाई आपलं वाक्य बोलली. या वेळी त्याने त्याचा अर्थ सांगितला नाही.

कुरणावर तंबूच्या भिंती उभ्या होत्या, काठ्या गवतावर मांडून ठेवल्या होत्या. जुमाशचा थोरला भाऊ ओरोझ आणि भावकीतली माणसं तुंदुकाची वाट बघत बसली होती. सायराकान शालीत तुकडे घेऊन उतरली. कडं दोन ठिकाणी फुटलं होतं, आतल्या वाकवलेल्या पट्ट्यांपैकी एकही धड नव्हती.

"कसं झालं हे?" ओरोझने विचारलं.

तिने पोरीकडे पाहिलं. सासऱ्याच्या तुंदुकावर गाडी घालणारा जावई, हे चार खोऱ्यांत वीस वर्षं सांगितलं गेलं असतं, आणि ऐकत बसावं लागलं असतं ते गुलझिनाला.

"माझ्याच हातून," ती म्हणाली. "मी नीट बांधलं नाही."

मिर्लानने खाली बघितलं असतं तरी तिला पुरलं असतं. तो घसा खाकरून पुढे आला. "मी एनेंना म्हणालोच होतो, हे खाली ठेवू म्हणून. पण मोठ्या माणसांना आपण काय सांगणार?"

इतका वेळ ती त्याला मूर्ख समजत होती. मूर्ख माणूस घरात चालवून घेता येतो. हा मूर्ख नव्हता, हे तिला आता कळलं आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

गुलझिना पाहुण्यांना कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, ओतत होती. तिने पळी खाली ठेवली.

"आबा, आई खोटं बोलते," ती ओरोझला म्हणाली. "यांनी गाडी मागे घेतली. उतरून बघ म्हणून आई तीनदा ओरडली, हे उतरले नाहीत. आणि मी शेजारी बसून एक शब्द बोलले नाही."

नवऱ्याविरुद्ध भरल्या भावकीत असं बोललेली मुलगी त्या कुरणावर कोणी पाहिली नव्हती. ओरोझने मिर्लानला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ओढ्यापलीकडे असेकचा तंबू आहे. त्याच्याकडे जुनं तुंदुक पडलंय, ते मागून आण."

मिर्लानने खिशात हात घातला.

"चावी राहू दे. चालत जा, आणि डोक्यावर घेऊन ये."

तासाभराने तो आला. मान तुंदुकात अडकल्यासारखी झाली होती, घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. सगळं कुरण बघत होतं आणि एकही माणूस हात लावायला पुढे गेला नाही. हे बघून आपल्याला गार वाटेल, असं सायराकानला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

लांब दांड्यावर तुंदुक वर चढवलं गेलं. भोकं जुळली नाहीत, अकरा काठ्या बाहेर राहिल्या. आत उभं राहून तिने वर पाहिलं. तिकडे कोणा परक्या माणसाच्या पटाशीच्या खुणा होत्या.

गुलझिना तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुझ्या बापाला उद्या दुसऱ्याच्या घरात जेवायला बसवायचंय आपल्याला," सायराकान म्हणाली.