दोन जागांची गाडी

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, पण त्याचं भरलं होतं. चौतीस वर्षं तो कवळ्या बनवत होता. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा पाठवायचे, आणि तो त्यावरून आधी प्लास्टरचा साचा, मग मेणाच्या हिरड्या, मग एकेक दात बसवून अख्खी बत्तिशी उभी करायचा. माणसं त्याला माहीत नसायची, दात मात्र पाठ असायचे. रस्त्यात कुणी हसलं की हा मनातल्या मनात म्हणायचा, हे माझे. गल्लीत त्याला दंतोबा म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ देत असे.

मग दात कोरून काढणारं यंत्र आलं. तो एक कवळी करी तोवर ते वीस काढी, आणि वीसच्या वीस सारख्या. दंतोबानं दोन वर्षं दात-ओठ खाल्ले आणि तिसऱ्या वर्षी, साठीला दीड वर्ष राहिलं असताना, एका मोठ्या कंपनीला कार्यशाळा विकून टाकली. जागा गेली, भट्टी गेली, साचे पोचवायची जुनी व्हॅनही गेली. म्हातारपणाची सोय लागली, ताईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवून झालं, तरी थोडंफार उरलं.

घरात माणसं तीन. तो, त्याची बायको आणि ताई. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सतरा. तिनं पाळणाघरात दुसऱ्यांची मुलं सांभाळून याला वाढवलं, शिकवलं, याचं लग्न लावलं. स्वतःच्या लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "अगं, एक मूल आहे ना पदरी, कोण घेणार?" आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसायची.

"बाळ," व्यवहार झाल्यावर एका संध्याकाळी ताई म्हणाली. घरात तो अजून बाळच होता. "आता तुला काय हवं ते सांग. आजवर कधी काही मागितलं नाहीस."

"गाडी," तो म्हणाला.

"मग घ्यायलाच हवी. टॅक्सीच्या किती मिनतवाऱ्या करायच्या?"

"तसली नाही ताई. स्पोर्ट्‌स कार."

बायकोच्या हातातला चमचा तिथंच थांबला. ताईनं मात्र क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "डॉक्टरांची होती, तशी?"

तशीच. तो आठ वर्षांचा असताना समोरच्या डॉक्टरांकडे एक बुटकी, उघडी गाडी होती. एकदा त्यांनी याला शेजारी बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आणली होती. त्या दोन मिनिटांतलं वारं पन्नास वर्षं त्याच्या कानात होतं. ताई त्या दिवशी चपला हातात घेऊन गाडीच्या मागे चौकापर्यंत धावली होती, पोरगं पडेल म्हणून.

"घे," ताई म्हणाली. "कमावलंयस, घे."

इथवर सगळं सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शोरूममधून गाडीची पुस्तिका आणली. गुळगुळीत कागद, पांढरीशुभ्र गाडी, बाजूनं काढलेला फोटो. एवढा पांढरा दात कुणाच्या तोंडात शोभला नसता, पण गाडीला शोभत होता. ताईनं चष्मा लावला, फोटो दिव्याखाली धरला, आणि मनापासून म्हणाली, "सुरेख आहे रे. मी आपली मागे बसेन. मला मागेच बरं. पाय पसरता येतात."

व्हॅनमध्ये ती कायम मागेच बसायची, साच्यांच्या खोक्यांशेजारी. पुढे तो आणि बायको. तसं कुणी ठरवलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताईनं आपणहून मागचं दार उघडलं, ते तेव्हापासून.

या गाडीला मागे जागाच नव्हती. जागा दोन, दोन्ही पुढे. हे त्याला ठाऊक होतं, आणि ते सांगायची वेळ नेमकी हीच होती. त्यानं तोंड उघडलं. ताईनं विचारलं, "मागची सीट रुंद किती आहे?"

"चार फूट," तो म्हणाला.

का म्हणाला, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. माणूस ठेचकाळला की हात आपोआप पुढे जातो, तसं ते तोंडातून गेलं.

चार फूट म्हटल्यावर ताईनं चार फूट धरले. दोन दिवसांनी कपाटातून निळं जाड कापड निघालं, शिवणयंत्राला तेल गेलं, आणि मागच्या सीटचं कव्हर सुरू झालं. "पांढऱ्या गाडीला निळं उठून दिसेल," ती म्हणाली. "आणि कडेला एक कप्पा ठेवते. पाण्याच्या बाटलीला." यंत्राची घरघर दुपारभर चालायची. तो बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचा आणि एकच पान तासभर वाचायचा.

बायको काही दूधखुळी नव्हती. तिनं ती पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं आवाज खाली आणून विचारलं, "अहो, चार फूट कुठून काढलेत?"

"निघाले तोंडातून."

"मग सांगून टाका."

"तू सांग ना."

"मी?" तिनं देठ मोडला. "मी सांगितलं तर काय होईल माहितेय? भावजयीनं नणंदेला गाडीतून उतरवलं, असं होईल. तीस वर्षं एका घरात राहिलो आम्ही, एकदाही आवाज चढला नाही. तुमच्या चार फुटांपायी मी तेवढं घालवायचं?"

"तसं नाही गं."

"बरं, समजा घेतली गाडी. पुढे कोण बसणार? मी की वन्सं?"

त्यानं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

"सोपं आहे," ती म्हणाली. "एक रविवार मी, एक रविवार वन्सं. आणि तुम्ही? तुम्ही दर रविवारी!"

तिला स्वतःलाच हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला नाही आवडणार हो. एकीला घरी ठेवून फिरायला. आणि मला ठेवून तुम्ही गेलात तर तेही नाही आवडणार, खोटं कशाला बोलू?"

"मग नकोच घ्यायला."

"नको म्हणून सांगा मग. पण का नको, तेही सांगावं लागेल. आणि सांगितलं की त्या म्हणणार, माझ्यामुळे. जन्मभर तोच एक धोशा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते होऊन बसलं. साधी, चार माणसांची गाडी घ्यावी, तर ताई विचारणार, डॉक्टरांसारखी का नाही घेतलीस? दोन गाड्या घ्याव्यात, एवढी ऐपत नव्हती. उरलं होतं ते या एकीतच जाणार होतं. त्यानं तीन वेळा ताईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. पहिल्यांदा ती शिवत होती. दुसऱ्यांदा उसवत होती, कारण कप्पा तिरपा आला होता. तिसऱ्यांदा तिनं वर बघून विचारलं, "काय रे?" आणि हा म्हणाला, "कात्री हवी होती." कात्री घेऊन तो परत आला. बायकोनं त्याच्या हातातली कात्री पाहिली आणि काही न बोलता काढून घेतली.

शुक्रवारी शोरूममधल्या मुलीचा फोन आला. पांढरी गाडी एकच आहे, दुसरं गिऱ्हाईक शनिवारी बाराला येणार आहे, सरांनी त्याआधी काय ते ठरवावं. फोन ताईनं उचलला होता.

"आम्ही तिघंही येतो," ताईनं परस्पर सांगून टाकलं.

शनिवारी टॅक्सीनं तिघं शोरूमला पोचली. ताईच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत काय आहे ते कुणी विचारलं नाही. वाटेत त्यानं दोनदा घसा खाकरला. "खोकला झाला का रे?" ताईनं विचारलं. "थोडासा," तो म्हणाला.

शोरूमची फरशी आरशासारखी होती. मधोमध ती गाडी. दंतोबा तिच्यापासून दोन पावलं लांबच थांबला. मुलीनं हसून स्वागत केलं. पुढचे दोन दात तिचे स्वतःचे नव्हते, हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि अशा वेळीही आपलं लक्ष तिकडे जावं याची त्याला लाज वाटली.

ताई गाडीभोवती फिरली. एकदा पूर्ण फिरली. मग पुन्हा, या वेळी एक हात पत्र्यावर ठेवून, हळूहळू. मागच्या बाजूला येऊन थांबली, वाकली, काचेतून आत पाहिलं.

"अगं मुली," ती म्हणाली, "मागचं दार कुठून उघडतं?"

मुलगी प्रेमानं म्हणाली, "मागे दार नसतं आजी. मागे इंजिन आहे."

"इंजिन पुढे असतं ना?"

"या गाडीचं मागे. बसायला पुढे दोनच जागा."

ताईनं मान हलवली. शिकवलेलं नीट कळलं की मुलं हलवतात, तशी. मग तिनं पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि साडीच्या आड धरली. भावाकडे तिनं पाहिलंच नाही. दंतोबाला वाटलं, तिनं पाहावं, चार माणसांत चार शब्द सुनावावेत, लहानपणी पिळायची तसा कान पिळावा. तसं काही झालं नाही.

"हे बरंच झालं," ताई मोठ्यानं म्हणाली. "नाहीतरी मला गाडी लागते."

उभ्या आयुष्यात ताईला गाडी लागली नव्हती. घाटात अख्खी बस ओकत असताना ती पेरू खात बसणारी बाई. हे त्याला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं, आणि त्या दोघांना ठाऊक आहे हे ताईलाही ठाऊक होतं.

"ताई," तो म्हणाला, "मला नकोय गाडी."

"का?"

"मन नाही आता."

"काल रात्रीपर्यंत होतं. आता एकदम कुठं गेलं?"

"खरंच नको वन्सं," बायको मध्ये पडली. "केवढी बुटकी आहे. गुडघ्यांना त्रास."

"गुडघे माझे दुखतात, त्याचे नाही." ताईचा आवाज चढला नव्हता, पण पाळणाघरात एका वेळी पंधरा मुलं चिडीचूप करणारा तो आवाज होता. "बाळ, इकडे बघ. तू नाही घेतलीस तर लोक मला बोल लावतील. लोकांचं सोड, मीच लावून घेईन. रोज सकाळी चहा पिताना मला वाटेल, याचं एकच मागणं होतं आणि त्यात मी आडवी आले. हे तू मला देणार? या वयात?"

खरं सांगायचं तर त्याच्यापुढे आता प्रश्नच उरला नव्हता. त्याला गाडी नको होती, हे आता शंभर टक्के खरं होतं. पाच मिनिटांपूर्वी तिच्या हातातली पिशवी मागे सरकली, तेव्हाच मनातली गाडी विरून गेली होती. पण हे खरं सांगूनही कुणाला पटलं नसतं. ताईला तर नाहीच.

"आधी मला बसून बघू दे," ताई म्हणाली.

मुलीनं दार उघडलं. ताईनं पाठ फिरवली, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि स्वतःला सोडून दिलं. ती जवळजवळ पडलीच आत. पाय बाहेर राहिले. बायकोनं वाकून एकेक पाय उचलून आत ठेवला. पिशवी मांडीवर. ताईनं पुढच्या काचेतून समोर पाहिलं. समोर शोरूमची भिंत होती, तिच्यावर कॅलेंडर.

"छान दिसतं इथून," ती म्हणाली. "आता सही कर."

"ताई, उतर आधी."

"तू सही केल्याशिवाय मी उतरत नाही."

"आजी थट्टा करतायत," मुलगी घाईनं म्हणाली.

"थट्टा नाही," बायको हळूच म्हणाली. "त्या उतरायच्या नाहीत. करा सही."

त्यानं सही केली. चौतीस वर्षं केसाएवढी फट न चुकवणारा हात, पण सही अशी वेडीवाकडी आली की मुलीनं दुसऱ्या कागदावर पुन्हा घेतली. ताई आतून बघत होती. दुसरी सही झाल्यावर तिनं "हं" केलं आणि उठायला गेली.

उठता येईना. सीट खाली आणि खोलगट, धरायला काही नाही, गुडघे साथ देईनात. एकदा प्रयत्न केला, पुन्हा टेकली. दुसऱ्यांदा केला. मग हसू लागली. "आता मलाही गाडीबरोबरच घरी पाठवा," ती म्हणाली, आणि सगळेच हसले, कारण हसण्यावाचून करण्यासारखं काही नव्हतं. बायकोनं एक हात धरला, त्यानं दुसरा, मुलीनं पाठीमागून आधार दिला. तिघांनी मिळून तिला ओढून काढलं. तिचं सगळं वजन एक क्षण त्याच्या हातावर आलं. ते इतकं कमी होतं की त्याला दचकायला झालं.

"दमले," ताई म्हणाली आणि खुर्चीत बसली. मुलीनं पाणी आणलं.

आता फक्त कागदाची शेवटची ओळ राहिली होती. "गाडी बुधवारी तयार होईल, सर," मुलगी म्हणाली. "न्यायला येणार का?"

"येऊ की," ताईच म्हणाली. "नवी गाडी न्यायला सगळ्यांनी यायला हवं. मजा येईल."

बायको पर्सची चेन लावत राहिली. ती आधीच लागलेली होती. तो मुलीकडे बघत होता, काहीतरी सांगावं म्हणून नव्हे, दुसरीकडे कुठं बघावं ते सुचत नव्हतं म्हणून. मुलीनं ताईकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग त्याच्याकडे. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

"आजी," ती म्हणाली, "आमच्याकडे न्यायला येऊ देत नाहीत. आम्हीच आणून देतो. नियमच आहे."

असा काही नियम नव्हता. तिनं आत्ताच तर विचारलं होतं.

"असं का?" ताई म्हणाली. "मग राहिलं."

मुलीनं 'घरपोच' या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.