होडीच्या बुडाचा रंग

मी होडीच्या बुडाला लावायच्या रंगाचा डबा बोलतोय. बोलावं की नाही, यावर मी बराच विचार केला. रंगाने मुकाट सुकावं, असंही एक मत आहे.

कारखान्यात माझ्यात तांब्याची भुकटी आणि काही जहाल द्रव्यं घोटली गेली. काम एकच: होडीला शेवाळ, शिंपले चिकटू द्यायचे नाहीत. पाठीवर बारीक अक्षरांत इशाराही छापला. तो वाचायला चष्मा लागतो, आणि रंगवणारा माणूस चष्मा घरी ठेवून येतो.

मला घेतलं कप्तानाने. त्याची होडी एकच, तीही चौघे बसले की कुरकुरणारी. पण सगळे त्याला कप्तानच म्हणत. मी लागलो आणि होडी वंगण घातल्यासारखी पळू लागली. मी फुगलो. मग आठवलं, फुगलेला डबा चांगला मानत नाहीत.

त्याची बायको त्याच पाण्यात कालवं, म्हणजे खायची शिंपली, वाढवायची. खांब रोवायचे, वाहत आलेली पिल्लं त्यांना चिकटायची, मोठी झाली की काढायची. घर त्यावर चालायचं. होडीवर चालायची कप्तानाची ऐट.

यंदा दोन महिने झाले तरी नव्या खांबांवर एकही पिल्लू बसेना. तिने पाण्याला दोष दिला, वाऱ्याला दिला, लगे हात नणंदेलाही दिला. शेवटी जेवताना नवऱ्याला विचारलं.

"खांब तर मी चांगले रंगवून दिले होते," कप्तान म्हणाला. "घाण चिकटू नये म्हणून."

"कोणता रंग?"

"होडीचाच. उरला होता ना."

तिने हातातला घास ताटात ठेवला. "अहो, घाणीला अडव आणि कालवांना बसू दे, असं त्या रंगाला सांगितलं होतंत का?"

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगूनही उपयोग नव्हता. मला आपपर कळत नाही. शिवाय मी खांबावर थांबतही नाही. थोडा थोडा पाण्यात उतरतो, शेजारपाजारच्या गोगलगाईंच्या पोटात शिरतो. हे सांगताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने कप्तानाकडूनच सगळे खांब उपटून घेतले, लांबवर कोरे रोवले. जुना रंग खरवडायचा तो किनाऱ्यापासून दूर, ताडपत्री अंथरून, असं बजावलं. कप्तान कुंचला धुवायला पाण्याकडे निघाला. तिने नुसतं पाहिलं. तो परत आला.

महिनाभराने, काल, कोऱ्या खांबावर नखाएवढी चार पिल्लं दिसली. "बघ, बसली की नाही," कप्तान म्हणाला, जणू त्यानेच पाट मांडले होते.

मी मागच्या खोलीत फळीवर आहे. विषारी कचरा नेणारी गाडी येणार म्हणे. तळाला दोन बोटं रंग उरलाय. एवढी कृपा करा: झाकण ठोकून बसवा, आणि मला पाण्याच्या वाटेने नेऊ नका. माझा माझ्यावर भरवसा नाही.