दामाजी तांडेल आणि भिवाची आगबोट

"भावजी, दोर टाकू का?" आगबोटीच्या टोकावरून भिवानं हाक दिली.

दामाजी तांडेलानं मान वर केली नाही. ओहोटीचं पाणी समोरून येत होतं, वारा साफ पडला होता, आणि त्याचा मचवा मुंब्र्याच्या अलीकडे नांगर टाकून उभा होता. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबत होतं.

"दोर? मला काय बैल समजलास, दावं लावून न्यायला?"

"तसं नाय वो. सांजच्या आत कल्यानला लागाल."

"भरती लागली का लागंन. तुजा कोळसा संपला का तुजी विद्या संपते रं. माजी नाय."

"आनि वारा पडला का तुमची विद्या बसतेच ना खाली?" भिवा हसला आणि धूर सोडत पुढं गेला.

मचव्यात बसलेल्या मनुबाईला हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं. एक नवरा, दुसरा पाठचा भाऊ. कुणाची बाजू घ्यावी? भिवानं मुंबईच्या गोदीत उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तिथलीच एक मोडकी आगबोट त्यानं आणली, स्वतःच्या हातानं दुरुस्त केली, आणि आता तो वल्हव्यांच्या होड्या ओढून न्यायचा. दामाजीच्या लेखी मात्र तो भट्टीवाला होता. दर्यावर्दी नव्हे, नाव हाकणारा तांडेल तर नाहीच. रेल्वेनं अर्धा माल नेला, उरलेला हे धुरवाले नेतील, हे दुखणं वेगळंच होतं. ते तो बोलून दाखवत नसे.

भादव्याच्या अखेरीस कल्याणच्या एका घरासाठी कौलं भरून दामाजी निघाला. जोडीला रघु खलाशी होता, आणि माहेरी जायचं म्हणून मनुबाई. हस्त लागलेला, वादळी पावसाचं नक्षत्र. पारसिकच्या डोंगरावर काळं भरून आलेलं त्याला दिसलं होतं.

"शीड उतरवू का?" रघुनं विचारलं.

"वळन घेऊ, मंग उतरव."

तेवढी सवड वाऱ्यानं दिली नाही. डोंगरावरून जो झोत आला, त्यानं डोलकाठी बुडातून मोडली. काठी दामाजीच्या खांद्यावर आपटली. कौलं एका अंगाला घसरली, मचवा कलला आणि कडेवरून पाणी आत येऊ लागलं. मनुबाई दोन्ही हातांनी पाणी उपसत होती. दामाजीचा उजवा हात उचलत नव्हता.

कल्याणकडून भिवाची आगबोट येताना दिसली, तेव्हा दामाजीला वाटलं, हा आता सरळ अंगावर येणार. लाट त्याला उचलून आपल्यावर टाकणार. सगळेच फुटणार.

पण भिवा सरळ आला नाही. तो बाजूनं पुढं निघून गेला. मनुबाई ओरडली, "अरं, चाललास कुटं?"

दामाजीला मात्र त्याचा डाव कळला. वारा येत होता त्या अंगाला जाऊन भिवानं बोटीचं तोंड वाऱ्यावर धरलं होतं. मग यंत्र जवळजवळ बंद करून, वाऱ्याच्याच रेट्यानं, तो इंचाइंचानं मागं येत होता. दामाजीच्या मनात 'आता थोडं डावीकडं' येण्याआधीच भिवाचं सुकाणू वळलेलं असे. दोर नेमका रघुच्या हातात पडला.

मनुबाई चढली, रघु चढला. दामाजी बुडत्या मचव्यात तसाच उभा.

भिवानं त्याला ओढलं नाही. "तांडेल शेवटी उतरतो, ठावं हाय मला," तो म्हणाला. "म्हनूनच थांबलोय. पन या आता, भावजी."

दामाजीनं डावा हात पुढं केला.

पुढं बंदरावर चार जण जमले की विषय निघायचाच. खांदा बांधून बसलेल्या दामाजीला एकदा त्यातला धोंडीबा म्हणाला, "शेवटी वाफेनंच तारलं ना तांडेला?"

"वाफेनं?" दामाजी म्हणाला. "वाफ सरळ आली असती नि आमाला फोडून गेली असती. त्यो तांडेल हाय. म्हनून वाचलो."

हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. दिवाळीनंतर मनुबाईला माहेरी पोचवायला तो पहिल्यांदा भिवाच्या बोटीत बसला. वळणाशी ओहोटीच्या चिखलात मचव्याचा सांगाडा उघडा पडला होता. भिवानं यंत्र हळू केलं, बोटीची लाट त्याला लागू नये म्हणून. दामाजीनं डोईवरची लाल टोपी काढली आणि सांगाडा मागं पडेपर्यंत गुडघ्यावर धरून ठेवली.