पांढरी मुळी

आबा बोदापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी हातानं भुसा बाजूला सारला. बोद म्हणजे द्राक्षवेलींच्या बुडाशी घातलेला मातीचा वरंबा. थंडीत तो उबदार राहिला तरच पांढरी मुळी चालते, आणि ती चालली तरच मणी फुगतात. माझं माहेर शहरातलं, संत तुकाराम नगरचं, तिसऱ्या मजल्यावरचं. हे सगळं मला आबांनी, माझ्या सासऱ्यांनीच शिकवलं.

त्यांनी माती उकरली. मुळ्या तपकिरी, काही काळ्या. बोटात धरताच साल निसटून आली.

"थंडीनं झोपली आसंल," आबा म्हणाले.

माझी लेक सई शेजारीच भुशात खेळत होती. मूठ तोंडात घालायला निघाली म्हणून मी तिला उचललं, आणि तो वास आला. माझ्या नवऱ्याच्या, अजिंक्यच्या कंपनीच्या कपड्यांना येतो तोच, दोनदा धुऊनही न जाणारा. मशीनच्या तेलाचा.

भुसा अजिंक्यनंच आणला होता, बोदावर पांघरायला. पॅकिंगच्या पेट्यांचा आहे, असं त्याला स्टोअरवाल्यानं सांगितलं होतं. बागेचं नाव काढलं की "विकून टाका" म्हणणारा हा माणूस त्या दिवशी शिफ्ट करून आला आणि अंधार पडेपर्यंत आबांच्या बरोबरीनं भुसा पसरत राहिला. मग बापलेक बांधावर एकाच डब्यातून जेवले. सईला कडेवर घेऊन मी लांबून बघत होते. वाटलं होतं, आता या घराचं काही वाईट व्हायचं नाही.

"आबा, हा भुसा तेलातला आहे."

"मला कवाच कळलंय."

"मग अजिंक्यला सांगायला नको?"

"न्हाई. पयल्यांदा आलाय त्यो मातीत. आपल्याच हातानं बाग मारली म्हनून कळलं, तर परत पाय ठिवायचा न्हाई हितं."

विहिरीकडची एकच ओळ उरली होती. भुसा तिथवर पुरला नव्हता. आबांनी तिथं उकरून दाखवलं. सईच्या पहिल्या दातासारखी पांढरीशुभ्र मुळी. "येवढी जगंल," म्हणाले, आणि लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी माती ओढून घेतली.

तेवढ्यात बांधाशी टेम्पो येऊन थांबला.

"आबा, राहिलेल्या ओळीचाही आणला!" अजिंक्यनं उडी मारली. "रजा टाकलीय खास. स्टोअरवाल्याला म्हटलं, भावा, आमच्या आबांची द्राक्षं खाऊ घालतो तुला."

"माज्यापक्षा मोठा बागाईतदार झालास की रं," आबा हसले.

"अजिंक्य, थांब जरा," मी म्हटलं.

"काय गं?"

आबा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात दटावणी नव्हती, विनवणी होती. सासरा सुनेकडे तसं कधी बघत नाही.

"काही नाही. सईला भुशात जाऊ देऊ नकोस."

"अगं, खेळू दे की! बागाईतदाराची नात आहे ती."

पहिलं पोतं आबांनीच सोडलं. विहिरीकडच्या ओळीवर. अजिंक्य शीळ घालत पसरत गेला, पायानं नीट दाबत गेला.

मी पाइपाखाली सईचे हात धूत बसले. वास जात नव्हता.